सोसायटीच्या आवारातलं झाड काढायचंय? आधी कागद, मग करवत

आमच्या सोसायटीत दोन झाडांवरून रोज कुरबुर चालायची. पार्किंगवर झुकलेला एक गुलमोहर आणि ड्रेनेजच्या चेंबरला खेटून वाढलेला एक उंबर. सर्वसाधारण सभेत दोन्ही काढायचं ठरलं. ठरायला दहा मिनिटं लागली, पुढचं सगळं उरकायला सात महिने. त्यातले निदान तीन महिने माझ्याच अडाणीपणापायी गेले, कारण मी नवा सचिव होतो आणि 'अर्ज टाकला की झालं' अशी माझी समजूत होती. शेवटी गुलमोहर गेला, उंबर अजून उभा आहे, आणि चेंबरही तुंबत नाही. ते कसं, ते पुढे येईलच.

मी पुण्यात राहतो. पण महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपालिकांना मूळ कायदा एकच लागू आहे: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. फॉर्म, शुल्क आणि अनामत (बदली रोपं लावून जगवण्याची हमी म्हणून पालिकेकडे ठेवायची रक्कम) गावोगावी वेगळी, सांगाडा तोच.

१. आधी हद्द बघा

शहरात असाल तर अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. प्रत्यक्ष काम उद्यान विभाग बघतो आणि मोठ्या शहरांत अर्ज तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा वॉर्ड ऑफिसातच घेतात. ऑनलाइन अर्जाची सोय आहे का, ते पालिकेच्या संकेतस्थळावर आधी बघा.

गावाकडच्या घरामागचं झाड असेल तर गोष्ट वेगळी. तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा येतो. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, चंदन, हिरडा, मोह अशी झाडं आहेत. स्वतःच्या जमिनीत स्वतःच लावलेला साग असला तरी परवानगी लागतेच, आणि लाकूड गाडीत घालून हलवायचं तर वनविभागाचा वाहतूक परवाना. तलाठी किंवा जवळचं वनपरिक्षेत्र कार्यालय इथून सुरुवात करा. कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत राहणाऱ्यांनी बोर्डात विचारावं. गोव्यात १९८४ चा स्वतंत्र वृक्षसंरक्षण कायदा आहे आणि अर्ज वनखात्याकडे जातो. इथून पुढचं सगळं शहराबद्दल.

२. 'तोडणं' म्हणजे काय, ते समजून घ्या

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. कायद्याच्या व्याख्येत झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यावर करवत चालवणं नव्हे. जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात येतं. त्यामुळे 'आम्ही फक्त फांद्या उडवल्या' हा बचाव लंगडा पडतो. पार डोकं उडवून नुसता खांब उभा ठेवलेली झाडं तुम्हीही पाहिली असतील. ती छाटणी नव्हे, हप्त्याहप्त्याने केलेली तोड आहे.

हिंगाचा सल्ला मलाही मिळाला. बुंध्याला भोक पाडायचं, आत हिंग भरायचं, वर माती लिंपायची, झाड आपोआप वाळतं म्हणे. कोणी ॲसिडचं सुचवतं. हिंगाने झाड मरतं की नाही, या वादात मी पडत नाही. पण पाहणीला येणारा माणूस बुंध्याभोवती फिरून बघतो, आणि गिरमिटाचं भोक त्याला तुमच्याआधी दिसतं. मग अर्जदाराचा आरोपी व्हायला वेळ लागत नाही. बिनपरवाना तोडीत प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा धरला जातो. मूळ कायद्यातसुद्धा दंडासोबत एक आठवडा ते एक वर्ष कैदेची तरतूद होती.

३. त्रास झाडाचा आहे की दुसऱ्याच कशाचा?

अर्ज लिहिण्याआधी एक रविवार यासाठी काढा. झाडाखाली उभे राहा आणि नेमकं काय बिघडलंय ते कागदावर लिहा. आमची पहिली यादी अशी होती: पाचोळा पडतो, गाड्यांवर पक्षी घाण करतात, दुसऱ्या मजल्यावर अंधार येतो, डास होतात, चेंबर तुंबतं, झाड कलतंय. सहांपैकी पहिल्या चार कारणांवर कुणी झाड तोडायची परवानगी देत नाही, आणि देऊही नये असं माझं आता मत झालंय. पाचोळ्याला झाडू आहे, अंधाराला छाटणी आहे.

कायद्याच्या नजरेत वजन असलेली कारणं वेगळी: झाड मेलेलं, रोगट किंवा वाऱ्याने उन्मळलेलं आहे, जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे, रहदारीला अडथळा आहे, आगीने, विजेने वा पावसाने त्याचं मोठं नुकसान झालंय. तुमचं कारण यात बसत नसेल तर 'फांद्यांचा विस्तार कमी करणे' या सदरात अर्ज करा. कार्यालयात छाटणीला हाच शब्द चालतो. काम निम्म्या त्रासात होतं.

उंबराचं तेच झालं. आमचा प्लंबर चेंबर उघडून म्हणाला, "साहेब, मूळ पाइप फोडत नाही. पाइप आधीच फुटलाय, पाणी मिळतंय म्हणून मूळ आत आलंय." जुनी चिनी मातीची पाइपलाइन सांध्यांवर उकलली होती. चेंबर सहा फूट सरकवलं, नवा पीव्हीसी पाइप टाकला, आणि खर्च झाड काढून, अनामत भरून, रोपं लावण्याच्या हिशेबापेक्षा कमी आला. शिवाय उंबराला हात लावायला गडी मिळेना ही अडचण होतीच. दोघा ठेकेदारांनी 'दत्ताचं झाड आहे' म्हणून तोंडावर नाही म्हटलं.

गुलमोहराचं मात्र खरं होतं. तो मादागास्करचा पाहुणा, दिसायला देखणा, पण मुळं उथळ आणि लाकूड ठिसूळ. वळवाच्या पावसात शहरात पडणाऱ्या झाडांमध्ये तो हटकून असतो. आमच्या झाडाच्या बुंध्यात हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी पोकळी होती आणि मुळाशी एका बाजूची जमीन उचलली गेली होती. जमिनीला भेग पडून ती उचलली जाणं हे धोक्याचं लक्षण समजा. नुसतं कललेलं झाड वर्षानुवर्षं तसंच उभं राहू शकतं.

४. झाडाचं वय: इथे थापा मारू नका

२०२१ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड आता प्राचीन वृक्ष, म्हणजे हेरिटेज ट्री ठरतं आणि त्याला वेगळं संरक्षण आहे. शिवाय एक झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. चाळीस वर्षांचा गुलमोहर म्हणजे चाळीस रोपं! तीही नर्सरीतली वीतभर नव्हे, निदान सहा फुटांची, आणि सात वर्षं जगवायची. तेवढी लावणं शक्य नसेल तर झाडाच्या मूल्यांकनाइतकी रक्कम भरायची तरतूद आहे.

हा आकडा कळला की लोक दोन चुका करतात. काही जण वय कमी लिहितात. काही जण, विशेषतः बंगलेवाले, अभिमानाने 'आमच्या आजोबांनी लावलेलं, साठ वर्षांचं' असं लिहून स्वतःचाच अर्ज अडकवून घेतात, आणि आजोबांनी त्या जागी लावलेलं झाड वेगळंच असतं, हे मागाहून जुन्या फोटोत दिसतं. अंदाज लिहू नका, पुरावा द्या. इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला, वास्तुशांतीचे फोटो, सोसायटीच्या जुन्या खर्चाच्या वहीतली रोपांची पावती. आम्हाला १९९४ च्या गणेशोत्सवाचा एक फोटो सापडला. त्यात मांडवामागे कमरेएवढा गुलमोहर होता. तो फोटो अर्जाला जोडला आणि वयाचा प्रश्न तिथेच मिटला.

घेरही मोजा. शिंप्याची टेप घ्या आणि छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर, बुंध्याभोवती गुंडाळा. बुंधा तिथे दुभागला असेल तर दोन्ही खोडांचे घेर वेगळे लिहा.

५. कागदपत्रं

- अर्ज, किंवा पालिकेचा छापील नमुना, दोन प्रतींत
- मालमत्ता कराची चालू वर्षाची पावती
- जागेच्या मालकीचा कागद: प्रॉपर्टी कार्ड, सातबारा किंवा इंडेक्स टू
- सोसायटी असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि ठरावाची सही-शिक्क्याची प्रत
- बंगला सामाईक असेल तर सगळ्या सहमालकांची संमतीपत्रं
- अर्जदाराचं ओळखपत्र
- आवाराचा हाताने काढलेला नकाशा, झाडांना क्रमांक देऊन
- फोटो: पूर्ण झाड, बुंधा, जिथे धोका आहे ती जागा. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण उमटेल अशी सोय चालू करून काढा

ठरावाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण माझा पहिला अर्ज त्यावरच परत आला. आमच्या ठरावात लिहिलं होतं, 'आवारातील अडचणीची झाडे काढण्यात यावीत.' कुठली? किती? पाहणीला आल्यावर कोणी बोट दाखवायचं? ठरावात झाडाचं नाव, जागा, संख्या आणि कारण हवं, आणि अर्ज करायचा अधिकार कोणाला दिला तेही हवं.

दुसरा सापळा जमिनीचा. पुष्कळ जुन्या सोसायट्यांचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालेलंच नसतं. प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ जमीनमालक किंवा बिल्डर असतो. तुमचं तसं असेल तर अर्ज देण्याआधी उद्यान विभागात कार्ड दाखवून कोणती संमती लागेल ते विचारून घ्या. आणि झाड कुंपणाच्या नेमकं कुठल्या बाजूला आहे ते बघा. फांद्या तुमच्याकडे आणि बुंधा शेजाऱ्याकडे असेल तर अर्ज शेजाऱ्याचा. बुंधा फुटपाथवर असेल तर झाड पालिकेचं, तुम्ही फक्त तक्रार करायची.

६. अर्जातली भाषा

'सदर झाडामुळे सभासदांना अतोनात त्रास होत असून ते तातडीने तोडावे' हे माझं पहिलं वाक्य होतं. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. दुसऱ्या अर्जात मी असं लिहिलं:

'आमच्या आवारात, पश्चिमेच्या कुंपणापासून चार फुटांवर, नकाशातील क्रमांक १ येथे गुलमोहराचे एक झाड आहे. घेर १७५ सें.मी. बुंध्यात जमिनीपासून दोन फुटांवर पोकळी आहे (फोटो २). पूर्वेकडील मुळांजवळ जमीन उचलली गेली आहे (फोटो ३). झाड पार्किंगच्या दिशेने कलले असून खाली मुलांचा खेळण्याचा भाग आहे (फोटो ४). कृपया स्थळपाहणी करून योग्य निर्णय द्यावा.'

'तोडण्याची परवानगी द्यावी'ऐवजी 'योग्य निर्णय द्यावा' लिहायचा सल्ला एका निवृत्त कारकुनाचा. कदाचित निरीक्षक म्हणेल, निम्मा भार उतरवा, झाड वाचेल. तसं असेल तर आपल्यालाही हवंच आहे की.

अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. टेबलावर ठेवून आलात तर तो अर्ज नव्हे, चिठ्ठी. कायद्यात निर्णयासाठी ६० दिवसांची मुदत आहे आणि ती मोजायला पोच हाच आधार. पण 'साठ दिवस झाले, उत्तर नाही, म्हणजे परवानगी मिळाली' असं गृहीत धरून करवत आणू नका. लेखी स्मरणपत्र द्या, नाहीतर माहितीच्या अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती विचारा.

७. पाहणी, नोटीस, हरकती

निरीक्षक येईल तेव्हा सोसायटीतलं एकच माणूस बोलेल असं ठरवा. आमच्याकडे पाच जण एकदम बोलले आणि त्यातल्या एकाने 'साहेब, तेवढी बाल्कनीसमोरची फांदी पण...' असं सुरू केलं. झाडाजवळची गाडी, कुंड्या, भंगार आधी हलवून ठेवा, म्हणजे बुंधा चहूबाजूंनी दिसेल.

पाहणीनंतर झाडावर नोटीस चिकटवली जाते आणि वर्तमानपत्रात जाहिरात येते. हरकत कोणीही घेऊ शकतं. झाडावरची नोटीस फाडू नका, पावसाने भिजली तर फोटो काढून कळवा.

आमच्या हरकतीची गंमत सांगतो. तळमजल्यावरच्या काकूंनी, म्हणजे सोसायटीच्याच सभासदाने, हरकत घेतली. सभेत त्या गप्प होत्या. मला राग आला, भेटायला गेलो, तर त्यांनी चहा देऊन खिडकीत उभं केलं. गुलमोहराच्या एका वाळक्या फांदीत गोल भोक होतं आणि तांबट पक्षी तोंडात फळ घेऊन आतबाहेर करत होता. काकू म्हणाल्या, "तोडायला माझी ना नाही रे, पण पिल्लं उडू देत." त्यांचं बरोबर होतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना इजा करणं शिकारीच्या व्याख्येत येतं. आम्ही लेखी दिलं की घरटं रिकामं झाल्याशिवाय हात लावणार नाही, आणि त्यांनी हरकत मागे घेतली. तुम्हीही अर्जाआधी झाडाकडे खालून वर नीट बघा. पावसाळ्यात रेन ट्रीसारख्या मोठ्या झाडांवर बगळ्यांची वसाहत असू शकते, तेव्हा छाटणीसुद्धा पुढे ढकला.

८. परवानगी हातात आली, तरी थांबा

पत्र नीट वाचा. झाडांची संख्या, प्रजाती, पूर्ण काढायचं की विस्तार कमी करायचा, परवानगी किती दिवस वैध, अनामत किती, रोपं किती आणि कुठली. परवानगी दिल्यापासून १५ दिवस झाड तोडता येत नाही. कुणाला दाद मागायची असेल तर त्याला वेळ मिळावा म्हणून ही सोय आहे. आमचा ठेकेदार चौथ्याच दिवशी माणसं घेऊन हजर झाला होता. वॉचमनने फाटक उघडलं नाही म्हणून वाचलो.

अनामत चलनानेच भरा आणि पावती सोसायटीच्या मूळ फाइलला लावा. सचिव बदलतात, पावत्या हरवतात आणि परतावा कायमचा राहून जातो.

९. तोडायचा दिवस

ठेकेदाराशी तीन गोष्टी लिहून घ्या: लाकूड कोणाचं, पालापाचोळा कोण नेणार, नुकसान झालं तर कोण भरणार. बरेच जण लाकडाच्या बदल्यात मजुरी कमी करतात. गुलमोहराच्या लाकडाला वखारीत फारसा भाव नाही, तेव्हा 'फुकटात तोडतो' म्हणणाऱ्याचा डोळा तुमच्या दुसऱ्या एखाद्या झाडावर तर नाही ना, ते बघा. खरंच सांगतो, आमच्याकडे 'जाता जाता' कडुनिंबाची एक जाड फांदी उतरवली गेलीच.

मोठं झाड बुंध्यातून आडवं पाडायचं नसतं. शेंड्यापासून तुकड्यातुकड्याने, दोराने बांधून खाली सोडायचं. वीजवाहिनी जवळ असेल तर महावितरणला आधी कळवून लाइन बंद करून घ्या. इंटरनेटच्या केबलवाल्यालाही सांगा. गाड्या आदल्या रात्रीच बाहेर काढा. परवानगीची प्रत फाटकावर लावा, कारण करवतीचा आवाज आला की कोणीतरी तक्रार करणारच, आणि ते चांगलंच आहे.

१०. झाड पडलं किंवा आत्ता पडेल असं वाटलं तर

अर्ज वगैरे मागाहून. लोकांना बाजूला करा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन लावा. तारा तुटल्या असतील तर महावितरण येईपर्यंत झाडाला हात लावू नका. गाडी खाली सापडली असेल तर फांदी हलवण्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. जवान फांद्या कापून रस्ता मोकळा करतात, ओंडके तुमच्या आवारात राहतात. ते हलवण्याआधी उद्यान विभागाला फोटोंसह लेखी कळवून पोच घ्या, नाहीतर पडलेल्या झाडाची उद्या तोडलेल्या झाडात गणती होईल.

११. रोपं

रोपं लावल्याशिवाय आणि ती जगल्याशिवाय अनामत परत मागायला तोंड नसतं. जागा नसेल तर उद्यान विभागाला विचारा, ते पर्यायी जागा सुचवू शकतात. आम्ही आवारात बहावा, तामण आणि कांचन लावले. बाकीची रोपं नेमून दिलेल्या टेकडीवर. भिंतीपासून निदान दहा फूट सोडा आणि बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवा. पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत नेऊ नका. दर जूनमध्ये प्रत्येक रोपाचा, ठिकाण उमटेल असा, फोटो काढून अर्जाच्या आवक क्रमांकासह फाइलला लावतो. मागच्या उन्हाळ्यात टेकडीवरची चार मेली. पाऊस सुरू झाल्यावर त्या जागी नवी लावली, त्यांच्या पावत्याही त्याच फाइलमध्ये आहेत.